रिकाम्या वाडग्याखालचा कागद

१

सकाळी आल्या आल्या आधी काचेचे वाडगे धुवायचे, कोरड्या फडक्याने पुसायचे आणि खिडकीच्या उजेडाकडे धरून बघायचे, हा तिचा बावीस वर्षांचा नेम. मोठ्या उद्यानाच्या कचेरीमागे अळंब्या ओळखून देणारी एक खोली होती. खोली कसली, गवत कापायची यंत्रं ठेवायची कोठीच ती. मध्ये भिंत घालून निम्मी या कामाला दिली होती, त्यामुळे भिंतीपलीकडून तेलाचा आणि वाळक्या गवताचा वास कायम यायचा. ओलीचे दिवस आले की लोक पिशव्यांतून, डब्यांतून, रुमालात बांधून अळंब्या आणायचे आणि एकच प्रश्न विचारायचे: खाऊ का नको?

उत्तर सर द्यायचे, सही सरांची. पण उत्तराआधीचं सगळं काम तिचं. अळंबीची दांडी कापायची, टोपी पोटाच्या बाजूने कागदावर ठेवायची आणि वर वाडगा पालथा घालायचा. कागद अर्धा पांढरा, अर्धा काळा. रात्रभरात टोपीच्या पोटातल्या पापुद्र्यांमधून बारीक पूड गळते, आणि सकाळी वाडगा उचलला की कागदावर चाकाच्या आऱ्यांसारखा ठसा दिसतो. पुडीचा रंग कळला की अळंबीचं नाव कळतं. सरांचा नियम होता, ठसा नाही तर नाव नाही.

शिवाय दर खेपेला शेजारी आणखी एक कागद आणि आणखी एक वाडगा, आत काहीही न ठेवता. हवेतून नाहीतर हातावरून भलतीच पूड पडत नाही ना, हे कळावं म्हणून. त्या कागदाकडे बघायचं आणि फेकून द्यायचा. रिकाम्या वाडग्यांची एवढी बडदास्त ठेवणारी बाई लोकांनी दुसरी पाहिली नव्हती, म्हणून कचेरीतले तिला वाडगेबाई म्हणायचे. तिला त्याचं काही वाटत नसे. नुसतं 'ए' म्हणण्यापेक्षा बरं.

त्या मंगळवारी दुपारी तिची भाची आली. हातात कागदी पिशवी, पिशवीत मूठभर तपकिरी अळंब्या. मधाच्या रंगाच्या टोप्या, कडेला जरा ओलसर, दांडीवर फाटकं वळं.

"मावशी, या बघ. आईच्या अळंब्या," ती म्हणाली. "माझ्याकडे उगवल्यात."

मग तिने सगळं सविस्तर सांगितलं. आईच्या घराच्या मागच्या दारी झाडांच्या बुंध्याशी पसरलेल्या लाकडाच्या ढलप्या तिने मध्यंतरी दोन पोती भरून नेल्या होत्या, आपल्या कुंडीवाफ्यांत घातल्या होत्या, आणि आता त्यांतून या वर आल्या होत्या, ढिगाने. रविवारी दुपारी करणार होती. नवरा होता, पाच वर्षांची लेक होती, आणि आईची आठवणही होईल.

वाडगेबाईने एक टोपी उलटी करून पाहिली. म्हणाली की या जरा वेगळ्याच दिसतायत.

भाची हसली आणि तिने फोनमधला फोटो पुढे धरला. फोटोत ताई, हातात चाळण, चाळणीत हुबेहूब याच अळंब्या. तो फोटो वाडगेबाईनेच काढला होता.

"वेगळ्या कुठल्या? आणि तूही खाल्ल्याच होत्यास की. तुला काय झालं? तरी म्हटलं, एकदा बघून घे. तू बघितलंस की माझा जीव भांड्यात."

२

ताई म्हणजे तिची थोरली बहीण. गेल्या वर्षी याच दिवसांत गेली.

दोघी एकाच घरात राहायच्या. घर ताईचं. हे ताई कधी बोलून दाखवायची नाही, पण दाराची किल्ली मात्र स्वतःच्या हाताने द्यायची आणि स्वतःच्या हाताने परत घ्यायची. धाकटीचं जमत आलेलं लग्न ताईने कधीकाळी एका वाक्यात मोडलं होतं, मुलाच्या आईसमोर. ते वाक्य धाकटीला अजून पाठ होतं. ताईला आठवतसुद्धा नसेल. मारणारा विसरतो, मार खाणारा विसरत नाही.

त्या दिवशी ताई मागच्या दारातून चाळण भरून आली. हिने म्हटलं, उद्यापर्यंत ठेव, मी ठसा घेते.

"उद्या सुकून जातील," ताई म्हणाली. "बावीस वर्षं अळंब्यांची धुणीभांडी करतेस आणि एक साधं सांगता येत नाही तुला? सरळ म्हण ना, मला येत नाही. सही सरच करतात, ते उगाच नाही."

तेव्हा ही म्हणाली, "खा. काही होत नाही."

कुठल्या आवाजात म्हणाली ते तिचं तिलाच माहीत. अळंबी साधी आहे की जहरी हे तिला खरंच ठाऊक नव्हतं. दोन्ही दिसायला सारख्या; एकीची पूड काळपट तपकिरी, दुसरीची गंजासारखी, एवढाच फरक. ताईने लोण्यात परतल्या, मिरपूड घातली. हिने डोकं दुखतंय म्हणून पान वाढून घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी ताईला उलट्या झाल्या, तिसऱ्या दिवशी बरं वाटलं, सातव्या दिवशी ती गेली. यकृत आधीपासूनच नाजूक होतं, डॉक्टरांनी तेच लिहिलं. काय खाल्लं होतं म्हणून त्यांनी विचारलं तेव्हा हिने सांगितलं, जे मी खाल्लं तेच. मग भाचीलाही तेच सांगितलं. मग सगळ्यांनाच.

आता या अळंब्यांची पूड काळपट निघाली तर ती खरोखरच निर्दोष होती, आणि वर्षभर पोटात बाळगलेला गोळा विरघळून जाणार होता. गंजाच्या रंगाची निघाली तर भाचीला नको म्हणायला हवं. आणि भाची औषधांच्या दुकानात काम करणारी, दोन आणि दोन चार तिला लगेच कळले असते.

तिने भाचीला सांगितलं, ठसा येऊ दे, मग बोलते.

३

बुधवारी सकाळी तिने अळंबीवरचा वाडगा उचलला. कागद कोरा होता. पांढरी बाजू पांढरी, काळी बाजू काळी, टोपी आपली मध्ये बसलेली.

तिने शेजारचा, रिकामा वाडगा उचलला. त्याखाली ठसा होता.

बारीक, आखीव रेघा, मध्यातून बाहेर निघालेल्या. रंग गंजाचा.

ती आधी हसली. वाडग्यांची अदलाबदल झाली, दुसरं काय. कधी नव्हे ती चूक. पण टोपी तर तिकडे होती आणि ठसा इकडे, आणि रात्री टोप्या चालत नाहीत. मग तिला वाटलं की आधी टोपी इथे ठेवली असेल आणि नंतर उचलून तिकडे ठेवली असेल. पण ठसा उमटायला मध्ये सात-आठ तास जावे लागतात. ती काल पाचला कुलूप लावून घरी गेली होती.

बराच वेळ ती दोन कागदांच्या मध्ये उभी राहिली. भिंतीपलीकडे कुणीतरी यंत्र सुरू करायचा प्रयत्न करत होतं. ते खोकायचं आणि बंद पडायचं.

शेवटी तिने सरांच्या पद्धतीप्रमाणेच विचार केला. रिकाम्या कागदावर काही पडलं म्हणजे त्या दिवसाचं काम बाद. बाद म्हणजे ते धरायचंच नाही, त्यावरून काही म्हणायचंच नाही. हे तिला फार बरं वाटलं. कागद चुरगाळून तिने टोपलीत टाकला, हात साबणाने दोनदा धुतले, आणि भाचीला कळवलं की अजून काही उमटलं नाही.

ते खोटं नव्हतं. अळंबीच्या कागदावर खरोखरच काही उमटलं नव्हतं.

४

त्याच दुपारी तिने पिशवीतल्या दुसऱ्या अळंबीची टोपी घेतली, नवा अंगरखा घातला, केस फडक्यात बांधले. दोन्ही वाडग्यांच्या कडा चिकटपट्टीने टेबलाला चिकटवल्या.

गुरुवारी चिकटपट्टी जशीच्या तशी होती. अळंबीखालचा कागद कोरा. रिकाम्याखाली पुन्हा ठसा, आणि कालच्यापेक्षा मोठा. आज टोपी होती जेमतेम रुपयाएवढी आणि ठसा बशीएवढा. रेघा अगदी वाडग्याच्या कडेला टेकल्या होत्या, आणखी जागा असती तर आणखी पुढे गेल्या असत्या. मध्यभागी, जिथे दांडीची जागा कोरी राहते, तिथे तळहाताएवढी मोकळी जागा.

या खेपेला तिने सरांना बोलावलं. सर पंचावन्नच्या पुढचे, कायम सर्दी झालेले, मनाने वाईट नव्हते. त्यांनी भिंग लावून अळंबीचे पापुद्रे पाहिले आणि म्हणाले की ही टोपी वांझ दिसते, हिच्यात पूडच नाही. असं होतं कधीकधी. मग रिकाम्या कागदाकडे त्यांनी नुसती नजर टाकली.

"हे तुमच्या बाहीवरून पडलं असणार, बाई. हे धरायचं नसतं, तुम्हीच शिपायाला शिकवता ना?"

तिने विचारलं की पडलेलं असं आऱ्यांसारखं पडतं का. सर शिंकले. म्हणाले की आपल्याला जे रोज दिसतं तेच सगळीकडे दिसायला लागतं, त्यांच्या बायकोला ढगांत लोकरीचे टाके दिसतात. मग जरा विचार करून म्हणाले, आज मांडणी मी करतो. तुम्ही हात लावू नका, खोलीतच येऊ नका.

शुक्रवारी सकाळी सरांनीच दोन्ही वाडगे उचलले. दोन्ही कागद कोरे.

"बघा. दोष अळंबीचा नाही आणि वाडग्याचाही नाही," ते म्हणाले आणि थट्टेने त्यांनी तिच्याकडे बोट केलं. "वाडगेबाई, गळतंय ते तुमच्यातून."

तीही हसली. हसताना तोंडावर हात धरायची तिला लहानपणापासून सवय होती. हात खाली घेतला तेव्हा तळव्यावर काहीतरी कोरडं लागलं, खडूच्या भुकटीसारखं. तिने न बघताच तो अंगरख्याला पुसला.

मग सरांनी सांगितलं की ठसा नाही तेव्हा नावही नाही. पिशवी परत द्या, 'ओळख पटली नाही' असं लिहा, मी सही करतो. तिने लिहिलं. सुवाच्य अक्षरात लिहिलं, कारण अक्षर तिचं चांगलं होतं. एकच काय ते चांगलं आहे हिचं, असं ताई म्हणायची.

'ओळख पटली नाही' हे ऐकून भाची फोनवर म्हणाली, "म्हणजे वाईट तर नाही ना निघाली? मग झालं तर."

५

शनिवारी सुट्टी. सकाळी तिने अंथरूण आवरायला घेतलं आणि उशीचा अभ्रा तपकिरी दिसला.

नीट बघितल्यावर रेघा दिसल्या. तिचं तोंड जिथे असतं तिथून सुरू झालेल्या, अभ्र्याच्या शिवणीपर्यंत गेलेल्या.

तिने अभ्रा बादलीत टाकला. चहा केला. कप बशीत ठेवून वर्तमानपत्रावर वाकली, दोन बातम्या वाचल्या, आणि तिसरी वाचता येईना, कारण अक्षरांवर धूळ बसत होती. खिडकी बंद होती. तिने मान बाजूला घेतली. धूळ त्या बाजूला बसायला लागली.

घरात आवाज नव्हता. पण फार शांत बसलं की एक आवाज यायचा, दुसऱ्या खोलीत कुणी अगदी हलक्या हाताने पीठ चाळत असल्यासारखा. ती उठून ताईच्या खोलीच्या दाराशी गेली. खाट, कपाट, घडी घातलेलं पांघरूण. वर्षभर कुणी राहिलं नाही की खोली होते तितकीच धुळकट. आवाज तिथे नव्हता. परत स्वयंपाकघरात आली तर आवाज बरोबर आला. थांबली की थांबायचा नाही. श्वास रोखला की मात्र थांबायचा.

छातीतून येत असेल, तिने स्वतःला समजावलं. बावीस वर्षं पूड हुंगल्यावर छाती काय वाजणार नाही? सोमवारी डॉक्टरकडे जायचं. डॉक्टर विचारतील, काय खाल्लं होतं? आणि तिला आठवलं की तिने काहीच खाल्लं नव्हतं. पोटात एक घाससुद्धा गेला नव्हता त्यातला. मग हे कुठून आलं? जे खाल्लं नाही, नुसतं खाल्लं म्हणून सांगितलं, ते कुणाच्या अंगात रुजतं का?

तिने ताईच्या आरशात जीभ काढून बघायचं ठरवलं आणि आरशापर्यंत गेली. तोंड उघडलं नाही. आरशाच्या काचेवर फडकं मारलं, उगाच, आणि परत आली.

दिवसभरात तिने चारदा फोन हातात घेतला. चारही वेळा मनात वाक्य नीट तयार होतं. मी खाल्ली नव्हती. तीन शब्द. एवढं झालं की लोक काय ते म्हणतील. भाची बोलणार नाही, कायमची. तिच्याखेरीज या जगात आपल्याला मावशी म्हणणारं कुणी नाही. चारही वेळा तिने फोन खाली ठेवला आणि स्वतःला सांगितलं, रविवार दुपारपर्यंत वेळ आहे.

संध्याकाळी तिने कामावरून आणलेल्या कागदांतला एक काढून जेवणाच्या टेबलावर पसरला. अर्धा पांढरा, अर्धा काळा. त्यावर काही ठेवलं नाही. का पसरला असं कुणी विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं. टेबलाला तेवढंच अंथरण.

६

रविवारी पावणेबाराला फोन वाजला तेव्हा ती त्याच टेबलाशी बसली होती, कोपरं टेकून.

पलीकडून आधी तव्याचा आवाज आला. मग भाचीचा. वास काय सुटलाय म्हणून सांगू, ती म्हणत होती, आईच्या वेळी असाच सुटला होता का? लेक मध्येच विचारत होती की टोप्या खायच्या की दांड्या. भाची तिला हात धुऊन यायला सांगत होती, नवऱ्याला खुर्ची ओढायला सांगत होती. मग आवाज खाली आणून ती फोनच्या जवळ आली.

"मावशी, ऐक. हे म्हणतायत, सरांनी ओळख पटली नाही असं लिहिलंय तर कशाला खायच्या? मी म्हटलं, माझ्या मावशीने खाल्ल्यात, याच्यापुढे सरांची सही काय करायची आहे? तू फक्त एकदा सांग यांना. तू खाल्ली होतीस ना?"

वाडगेबाईने उत्तर द्यायला मान खाली घातली.

हनुवटीखालच्या कागदावर पूड पडत होती. दिवसाउजेडी, डोळ्यांदेखत, सावकाश. वाऱ्याने उडावी तशी नाही. एकेक रेघ आपापल्या जागी, एकीच्या शेजारी दुसरी, एवढी सरळ की पट्टीनेही येणार नाही. पांढऱ्या अर्ध्यावर रंग स्वच्छ दिसत होता. ओल्या लोखंडाचा. याहून चांगला ठसा तिने बावीस वर्षांत पाहिला नव्हता. शेजारी रिकामा वाडगा नव्हता आणि बाद करायला कारणही नव्हतं. नाव तिला कळलं. ताईला काय झालं होतं तेही कळलं.

"मावशी?"

तिने 'नाही' म्हणायला जीभ उचलली.

जीभ टाळूला लागली नाही. टाळूच्या आधी काहीतरी होतं. पातळ, ओले, उभे पडदे, पुस्तकाच्या पानांसारखे एकमेकांना चिकटून टांगलेले. जिभेच्या शेंड्याने ते बाजूला झाले आणि पुन्हा जागेवर आले. तिने जीभ खाली ओढली. समोरच्या स्टीलच्या तांब्यात तिचा चेहरा वाकडातिकडा दिसत होता आणि ओठांच्या फटीतून आत काहीतरी मधाच्या रंगाचं, गोल, नीट उलगडलेलं.

तोंड उघडलं तर बोलता येणार होतं. पडदे मऊ होते, शब्दाला अडवण्याएवढे जाड नव्हते. हे तिला त्या क्षणीसुद्धा कळत होतं, आणि पुढे कधीही स्वतःला वेगळं सांगता येणार नव्हतं. पण तोंड उघडलं तर ते दिसणार होतं, निदान तांब्यात.

तिने ओठ घट्ट मिटले.

"अगं बोल ना. खाल्ली होतीस ना?"

मिटल्या ओठांनी जे म्हणता येतं ते वर्षभर ती म्हणत आली होती. डॉक्टरांना, शेजारणींना, भेटायला आलेल्या प्रत्येकाला.

"हं," ती म्हणाली.

"ऐकलंत?" भाची नवऱ्याला म्हणाली. मग लेकीचा आवाज आला, मला जास्त वाढ. फोन बंद झाला नव्हता, नुसता कुठेतरी बाजूला ठेवला होता. ताटं मांडल्याचा आवाज आला, पाण्याचा आवाज आला, खुर्च्या पुढे सरकल्या.

ती फोन कानाला लावून ऐकत राहिली. कागदाची पांढरी बाजू भरून गेली होती. आता काळी बाजू भरत होती.